विहीर खारी झाली, पण मीठ आले कोठून?
खाडीकाठच्या पाण्यातील समस्थानिकांची साक्ष

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड, मालवण आणि वेंगुर्ले हे तीन तालुके समुद्रकाठी वसलेले आहेत. सह्याद्रीच्या कड्यावर पडलेला पाऊस येथे फार लांबचा प्रवास न करता समुद्राला मिळतो. गड नदी कणकवलीवरून येऊन कालावलच्या खाडीत शिरते आणि तोंडवळी-तळाशीलच्या वाळूच्या पट्टीआडून समुद्र गाठते. कर्ली नदी कुडाळ तालुक्यातून वाहत येऊन देवबागच्या टोकाशी समुद्राला मिळते. आचरा आणि कोळंब येथील खाड्या लहान असल्या तरी त्यांच्याही काठी माडाच्या बागा, भाताचे मळे आणि उन्हाळी भाजीपाला आहे. या साऱ्या काठावरील शेतकऱ्याची एक तक्रार दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत ऐकावयास मिळते. विहिरीचे पाणी मचूळ झाले.

दोन वर्षांपूर्वी कालावल खाडीकाठच्या एका वाडीत जाण्याचा प्रसंग आला. सत्तरी ओलांडलेले एक बागायतदार विहिरीच्या काठावर घेऊन गेले आणि म्हणाले, "सर, आमच्या आज्याच्या वेळार ही बाव गोडी होती. आता आणखी दोन हात खाली मारूया काय?" शेजाऱ्यांचे मत निराळे होते. खाडीचा बंधारा फुटका आहे, तो आधी बांधा, असे त्यांचे म्हणणे. तिसऱ्याने सांगितले की पाऊस कमी झाला, एवढेच कारण. तिघांच्या सल्ल्यांना तीन वेगवेगळे खर्च होते आणि त्यांतील एक सल्ला तर विहीर कायमची घालवणारा होता.

विहिरीत मीठ किती आहे हे साधे पाणी परीक्षण सांगते. मीठ कोणत्या वाटेने आले हे मात्र ते सांगत नाही, आणि उपाय ठरतो तो वाटेवरून. ही वाट शोधण्यासाठी शास्त्रज्ञ पाण्यातील समस्थानिकांचा उपयोग करतात. नदी जेथे समुद्राला मिळते तेथे या समस्थानिकांचे वर्तन कसे असते, त्यावरून काय कळते आणि काय कळत नाही, याची माहिती या लेखात देत आहे.

समस्थानिक म्हणजे काय?

पाण्याचा कण हायड्रोजन आणि ऑक्सिजन या दोन मूलद्रव्यांचा बनलेला असतो हे सर्वांना माहीत आहे. परंतु सर्व ऑक्सिजन अणूंचे वजन सारखे नसते. दर हजार अणूंमध्ये सुमारे दोन अणू थोडे जड असतात. त्यांना ऑक्सिजन-१८ म्हणतात, तर नेहमीच्या हलक्या अणूला ऑक्सिजन-१६. हायड्रोजनचाही जड भाऊ आहे. त्याचे नाव ड्यूटेरियम. समुद्राच्या पाण्यात दहा लाख हायड्रोजन अणूंमागे तो सुमारे १५६ इतकाच असतो. अमेरिकन शास्त्रज्ञ हॅरॉल्ड युरी यांनी १९३१ मध्ये तो शोधून काढला आणि त्याबद्दल त्यांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एकाच मूलद्रव्याच्या अशा हलक्या-जड भावंडांना समस्थानिक म्हणतात. ऑक्सिजन-१८ आणि ड्यूटेरियम किरणोत्सर्गी नाहीत. ते आपल्या प्रत्येक घोटात असतात व त्यांपासून कोणताही अपाय नाही. 'अणू' हा शब्द ऐकून काहींच्या मनात शंका येते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

खळ्यावर भात उफणताना वाऱ्याने फोल दूर उडते आणि भरलेला दाणा जवळच पडतो. पाण्याचेही काहीसे असेच आहे. बाष्पीभवन होताना हलके कण आधी उडतात, जड कण मागे राहतात. ढगातून पाऊस पडताना उलट घडते. जड कण आधी खाली येतात आणि ढगात उरलेले बाष्प उत्तरोत्तर हलके होत जाते. त्यामुळे समुद्रापासून दूर व उंच डोंगरावर पडणारा पाऊस किनाऱ्यावरील पावसापेक्षा हलका असतो. मोजमाप समुद्राच्या प्रमाणित पाण्याशी तुलना करून, दर हजारी फरकाच्या रूपाने दिले जाते. प्रमाणित समुद्रजल म्हणजे शून्य. त्याहून हलके पाणी उणे, जड पाणी अधिक. हार्मन क्रेग यांनी १९६१ मध्ये जगभरच्या पाण्याचे आकडे मांडून दाखविले की पावसाच्या पाण्यात ड्यूटेरियमचा आकडा ऑक्सिजन-१८ च्या आकड्याच्या आठपट अधिक दहा इतका येतो. ही सरळ रेघ 'पावसाची रेघ' म्हणून ओळखली जाते. बाष्पीभवन झालेले पाणी मात्र ही रेघ सोडून बाजूला जाते. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

खाडीत दोन पाण्यांची गाठ

जुलै महिन्यात कालावलच्या खाडीत पुराचे पाणी एवढे असते की तोंडाशीही वरचा थर गोडा लागतो. खारे पाणी जड असल्यामुळे पाचरीसारखे तळाशी राहते. पाऊस ओसरला की ही पाचर आत सरकू लागते आणि मे महिन्यात भरतीबरोबर खारे पाणी नदीच्या पात्रात कित्येक किलोमीटर आत चढते. खाडीचा तळ वाळूच्या बेसुमार उपशाने खोल झाला असेल तर ते आणखी आत जाते.

या गाठीच्या ठिकाणी समस्थानिकांच्या खुणांचे दोन प्रकार दिसतात. काही खुणा केवळ मिसळतात, तर काही वाटेत बदलतात.

पाण्यातील ऑक्सिजन पहिल्या प्रकारचा. समजा, नदीचे पाणी उणे २.५ आणि समुद्राचे अधिक ०.५ आहे. दोन्ही निम्मे-निम्मे मिसळले तर आकडा उणे १ येईल. पाव हिस्सा समुद्र असेल तर उणे १.७५. क्षारता आणि ऑक्सिजन-१८ यांचा आलेख काढला तर खाडीचे सर्व नमुने एका सरळ रेघेवर बसतात. एखादा नमुना रेघ सोडून बसला तर तेथे तिसरे कोणते तरी पाणी येत आहे किंवा पाणी उडून जात आहे, असा अर्थ होतो.

आता कोकणची एक अडचण सांगितली पाहिजे, कारण पुस्तकांतील उदाहरणे बहुधा थंड प्रदेशातील असतात. गंगेसारख्या नदीला हिमालयाचे बर्फ आणि दूरवरचा पाऊस मिळतो, त्यामुळे तिचे पाणी समुद्रापेक्षा बरेच हलके असते. आपल्याकडे नैऋत्य मोसमी ढग अरबी समुद्रावरून येतात आणि पहिला पाऊस आपल्याच डोक्यावर पाडतात. म्हणून पश्चिम किनाऱ्याच्या पावसाचा ऑक्सिजनचा आकडा समुद्राच्या फार जवळ, सर्वसाधारणपणे उणे १ ते उणे ३ च्या आसपास असतो. नदी आणि समुद्र यांतील सारे अंतर जेमतेम दोन-तीन अंकांचे. यंत्राची अचूकता सुमारे ०.१ धरली तर विहिरीत शेकडा दोन भाग समुद्राचे पाणी शिरले तरी ऑक्सिजनचा आकडा त्याची दखलही घेणार नाही. पिकाला मात्र ती दखल घ्यावी लागते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असते. गोड्या विहिरीत ते २० मिलिग्रॅम धरले तर शेकडा दोन भाग समुद्राने ते लिटरला ४०० मिलिग्रॅमवर जाते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकातील इष्ट मर्यादा २५० मिलिग्रॅम आहे. तेव्हा समुद्राची चाहूल लागण्यासाठी क्लोराइड हाच चांगला पहारेकरी होय. ऑक्सिजनला दुसरे काम आहे.

स्ट्रॉन्शियमची वाकडी रेघ

स्ट्रॉन्शियम हा चुन्यातील कॅल्शियमचा नातलग धातू. खडक झिजताना तो पाण्यात उतरतो. त्याच्या ८७ व ८६ वजनाच्या दोन समस्थानिकांचे गुणोत्तर खडकागणिक बदलते. काळ्या बेसाल्टमध्ये ते कमी असते, तर जुन्या ग्रॅनाइट व पट्टिताश्म प्रकारच्या खडकांत जास्त. आपल्या जिल्ह्यात ही दोन्ही कुळे आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावर बेसाल्ट, तर मालवण-कुडाळ-वेंगुर्ले बाजूला फार प्राचीन खडक आणि त्यांवर जांभ्याचे थर. जगातील सर्व समुद्रांत मात्र हे गुणोत्तर एकच असते, ०.७०९२.

ऑक्सिजनची रेघ सरळ, स्ट्रॉन्शियमची वाकडी. कारण समुद्राच्या एका लिटरमध्ये स्ट्रॉन्शियम सुमारे ८ मिलिग्रॅम, तर नदीच्या पाण्यात जगाची सरासरी ०.०६ मिलिग्रॅमच्या जवळपास. नदीच्या ९९ भागांत समुद्राचा एकच भाग मिसळला तरी समुद्राकडून ०.०८ मिलिग्रॅम येते व नदीचे स्वतःचे सुमारे ०.०६ राहते. म्हणजे पाणी शेकडा ९९ भाग नदीचे, पण त्यातील निम्म्याहून अधिक स्ट्रॉन्शियम समुद्राचे! शेकडा पाच भाग समुद्र झाला की सुमारे साडेसत्त्याऐंशी टक्के स्ट्रॉन्शियम समुद्राचे होते. गुणोत्तर आधी झपाट्याने बदलते आणि पुढे जवळजवळ थबकते. हे गुणोत्तर पाचव्या दशांश स्थळापर्यंत मोजता येत असल्यामुळे थोडासा समुद्रही लपून राहू शकत नाही. विहिरीच्या पाण्यात नदीपेक्षा स्ट्रॉन्शियम सहसा अधिक असते, त्यामुळे तेथे खूण इतकी तीव्र नसते. तरीही क्लोराइड वाढले आणि स्ट्रॉन्शियमचे गुणोत्तर समुद्राकडे वळले नाही, तर मीठ सांडपाण्याचे, खताचे किंवा अन्य कशाचे आहे असा संशय घेण्यास जागा होते.

आपल्या शेजारी मांडवीच्या मुखाशी असे काम झाले आहे. अहमदाबाद येथील भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी नर्मदा, तापी आणि मांडवी या नद्यांच्या मुखांशी स्ट्रॉन्शियमचा अभ्यास करून २०१२ मध्ये तो प्रसिद्ध केला. नदी आणि समुद्र यांखेरीज जमिनीखालून समुद्राकडे झिरपणाऱ्या पाण्याचा परिणाम हा त्या अभ्यासाचा विषय होता. आपल्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. भूजल समुद्राकडे वाहते तोवर ते खाऱ्या पाण्याला बाहेर रेटून धरते. हा रेटा कमी झाला की समुद्र आत येतो. कातळावरचे पाणी पावसाळ्यात नुसते वाहून जाऊ दिले तर उन्हाळ्यात हा रेटा कोठून येणार?

वाटेत बदलणाऱ्या खुणा

नायट्रोजन या दुसऱ्या प्रकारचा. युरियासारख्या रासायनिक खतातील नायट्रोजन-१५ चा आकडा शून्याच्या आसपास असतो, कारण तो नायट्रोजन हवेतून घेतलेला असतो. शेणखत व संडासाच्या पाण्यातून आलेल्या नायट्रेटचा आकडा अधिक १० व त्याहून वरही जातो. म्हणून विहिरीत नायट्रेट आढळले तर ते शेतातून आले की शोषखड्ड्यातून, याचा अंदाज घेता येतो. परंतु खाडीच्या काळ्या चिखलात हवा नसते. तेथील जिवाणू नायट्रेटचे विघटन करताना हलका नायट्रोजन आधी वापरतात. उरलेले नायट्रेट जड होत जाते. मुळात युरियाचे असलेले नायट्रेट अशा वेळी शेणखताचा मुखवटा चढवून पुढे येते. यास्तव केवळ एका आकड्यावरून शेजाऱ्याच्या संडासाला दोष देऊ नये! नायट्रेटचे प्रमाण घटत असताना आकडा चढत असेल तर चिखलाची करामत समजावी.

कार्बनचेही असेच. झाडपाला, भात, माड यांच्या कार्बन-१३ चा आकडा उणे २७ च्या जवळ, ऊस-मका यांचा उणे १२ च्या जवळ, समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींचा उणे २० च्या आसपास असतो. त्यामुळे खाडीच्या गाळातील सेंद्रिय अंश डोंगरातून आला की समुद्रातून, हे ओळखता येते. शेतकऱ्याच्या तातडीच्या प्रश्नाशी याचा संबंध कमी, म्हणून येथेच थांबतो.

मीठ येण्याच्या चार वाटा

खाडीकाठच्या विहिरीत मीठ मुख्यतः चार वाटांनी येते.

पहिली वाट म्हणजे समुद्र किंवा खाडी यांचे आजचे पाणी. वाळूच्या पट्टीत गोडे पाणी हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर भिंगासारखे तरंगते. तारकर्ली-देवबागसारख्या, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला नदी असलेल्या पट्टीत विहिरीला गोडे पाणी लागते ते याचमुळे. घायबेन आणि हर्झबर्ग यांच्या नियमानुसार गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक फूट वर असेल तर खाली सुमारे ४० फूट गोड्या पाण्याची जाडी असते. हिशेब उलटा करून पाहावा. उपशाने पातळी एक फूट कायमची उतरली तर खालचे खारे पाणी हळूहळू ४० फूट वर चढू पाहते. म्हणून अशा विहिरीला पाणी कमी पडले की ती आणखी खोल करणे म्हणजे खाऱ्या पाण्याला आपण होऊन आमंत्रण देणे होय. कातळातील विहिरीला हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. तेथे पाणी भेगांतून फिरते, आणि एखादी भेग खाडीपर्यंत पोचली असेल तर जवळच्या दोन विहिरींपैकी एक खारी व एक गोडी असे दृश्य दिसते.

दुसरी वाट जमिनीत साठलेल्या मिठाची. बंधारा फुटून एकदा खाडीचे पाणी मळ्यात आले की मीठ मातीत राहते. पुढील पावसात ते विरघळून उथळ विहिरीत उतरते. तिसरी वाट बाष्पीभवनाची. उघडी, उथळ डबकी व शेततळी यांतील पाणी उडून जाते व मीठ मागे राहते. चौथी वाट फार जुन्या समुद्राची. भूगर्भात हजारो वर्षांपूर्वीचे खारे पाणी अडकून राहिलेले असू शकते. ओडिशाच्या (तेव्हाच्या ओरिसाच्या) किनाऱ्यावर पिण्याच्या पाण्याच्या क्षारतेचा जो समस्थानिक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पूर्वी समुद्र भूमीवर चढून आल्याच्या खुणा ओळखण्यात आल्या. अशा ठिकाणी आजचा समुद्र अडविण्यासाठी बंधारा बांधून काय साधणार?

आता ऑक्सिजनचे काम पाहू. वर म्हटलेली क्लोराइड ४०० मिलिग्रॅमची विहीर घ्या. हे क्लोराइड २० वरून केवळ बाष्पीभवनाने चढले असेल तर वीस भागांतील एकोणीस भाग पाणी उडून गेले पाहिजे. इतके पाणी उडाल्यावर ऑक्सिजनचा आकडा उणे राहणे शक्य नाही. तो कितीतरी वर चढेल आणि पावसाची रेघ सोडून जाईल. ही वाट ऑक्सिजन-ड्यूटेरियम निःसंशय ओळखतात. पहिली व दुसरी वाट मात्र पाणी थोडेच खारे असताना त्यांना वेगळी करता येत नाहीत, कारण दोन्हींत पाण्याचा आकडा उणे २ च्या जवळच राहतो. खार मळ्यातील मीठही मूळचे समुद्राचेच, त्यामुळे स्ट्रॉन्शियमही येथे हात टेकते. शेकडा वीस भाग समुद्र शिरला तर ऑक्सिजन बोलू लागतो, पण तोवर बाग कोमेजलेली असते. चौथी वाट ओळखण्यासाठी कार्बन-१४ व ट्रिटियम ही किरणोत्सर्गी समस्थानिके उपयोगी पडतात. ट्रिटियम सुमारे १२.३ वर्षांत निम्मे होते, कार्बन-१४ सुमारे ५,७३० वर्षांत. पाण्यात ट्रिटियम नसेल तर ते पाणी अलीकडच्या पावसाचे नाही.

पहिली व दुसरी वाट वेगळी करण्यासाठी मात्र शेतकऱ्याजवळच एक उत्तम साधन आहे. भरती-ओहोटी, पाऊस आणि आपला पंप यांचे वेळापत्रक.

आधी वाहकता मोजा, मग समस्थानिके

प्रत्येक विहिरीचे समस्थानिक परीक्षण करावे अशी शिफारस मी करणार नाही. लेसरवर चालणारी यंत्रे आल्यापासून ऑक्सिजन-ड्यूटेरियमचे मोजमाप पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे, तरी स्ट्रॉन्शियम व कार्बन-१४ ही कामे मोठ्या प्रयोगशाळांचीच आहेत. गावाने मिळून, सामाईक बंधारा किंवा नळपाणी योजना यांवर मोठा खर्च करण्यापूर्वी असे परीक्षण करून घेणे योग्य. एकट्या बागायतदाराने विद्युत वाहकता मोजणारा खिशात मावणारा मापक घ्यावा किंवा चार-पाच जणांनी मिळून एक घ्यावा. वाहकता ०.७५ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत असेल तर ओलितास सहसा अडचण नसते. २.२५ च्या वर गेली की ते पाणी बहुतेक पिकांना घातक समजतात. घेवडावर्गीय भाज्या सर्वांत आधी माना टाकतात, माड बराच काळ तग धरतो. माड हिरवा आहे म्हणून पाणी चांगले आहे असे मानणे ही नेहमीची चूक आहे.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरतीच्या वेळी, आणि अष्टमी-नवमीच्या भांगाच्या वेळी, अशी महिन्यातून किमान दोनदा नोंद करावी. पंप सुरू करताच एकदा व तासभर चालल्यावर पुन्हा एकदा मोजावे. विहिरीच्या वरच्या व तळाच्या पाण्याचीही स्वतंत्र नोंद घ्यावी. दोरीला वजन बांधलेली बुचाची बाटली तळाशी सोडून बूच ओढले की तळाचे पाणी मिळते.

भरतीबरोबर विहिरीची पातळी चढली म्हणून घाबरू नये. खाडीचे पाणी चढले की त्याचा दाब गोड्या पाण्यालाही वर ढकलतो. पातळीबरोबर वाहकताही चढत असेल तर मात्र खाडीशी थेट वाट आहे. अशा वेळी बंधाऱ्यातील खेकड्यांची बिळे, उघाडीची न बसणारी झडपे आणि भेगा यांकडे आधी लक्ष द्यावे. पंप चालवताना वाहकता वाढते आणि रात्रभर विसावा दिल्यावर उतरते, तळाचे पाणी वरच्यापेक्षा खारे आहे, असे दिसले तर खालून खारे पाणी चढत आहे. तेथे पंप लहान अश्वशक्तीचा लावावा, एका दमात चार तास उपसण्याऐवजी थोडे थोडे उपसावे, शक्य असल्यास एका खोल विहिरीऐवजी दोन उथळ विहिरी ठेवाव्यात. पहिल्या पावसानंतर वाहकता चढून ऑगस्टपर्यंत उतरत असेल तर मातीतील मीठ धुऊन येत आहे. त्या मळ्यात पावसाचे पाणी बांधून ओहोटीच्या वेळी उघाडीतून सोडावे. ही धुलाई दोन-तीनदा होऊन मगच लावणी करावी. पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने विकसित केलेल्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या क्षार सहन करणाऱ्या भात जातींचा विचार अशाच जमिनीसाठी करावा. भरती, पाऊस, उपसा यांपैकी कशाचाही परिणाम न होता बोअरचे पाणी बारा महिने सारखेच खारे राहिले तर जुन्या पाण्याचा संशय घ्यावा व त्यावर आणखी पैसे घालवू नयेत.

सुरुवातीला सांगितलेल्या बागायतदारांनी ही नोंद एक उन्हाळाभर ठेवली. त्यांची विहीर वाळूत होती. उधाणाचा तिच्यावर फारसा परिणाम दिसला नाही, पण पंप तासभर चालला की पाणी खारट होई आणि सकाळी पुन्हा मचूळपणावर येई. म्हणजे दोष बंधाऱ्याचा नव्हता. काही वर्षांपूर्वी मोठा पंप बसविताना विहीर खोल केली होती, हे त्यांनी नंतर सहज बोलता बोलता सांगितले. खोदलेले दोन हात पुन्हा भरून घेणे त्यांच्या मनाला पटेना. खर्च करून खोदलेले कोण बुजवील? अखेर लहान पंप बसवून उपसा सकाळ-संध्याकाळ विभागला. पाणी पहिल्यासारखे गोडे झाले नाही, परंतु सुपारी व मिरीवेल त्या उन्हाळ्यात वाचले. विहिरीचा तळ भरण्याबाबत ते अद्याप विचार करीत आहेत.

नमुना पाठविताना

समस्थानिक परीक्षणासाठी नमुना द्यावयाचा झाल्यास काही पथ्ये पाळावीत. उघड्या विहिरीच्या पृष्ठभागावरील पाणी घेऊ नये, ते आधीच थोडे उडालेले असते. पंप काही मिनिटे चालवून नंतर घ्यावे. बाटली लहान व घट्ट झाकणाची असावी, त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळावी आणि काठोकाठ भरावी. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, कारण बाटलीतही बाष्पीभवन होते व आकडा बिघडतो. उन्हात किंवा गाडीच्या टपावर ठेवू नये. नायट्रेटसाठीचा नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवावा. विहिरीबरोबर खाडीचा भरतीच्या वेळचा एक नमुना, वरच्या अंगाला नदीच्या गोड्या पाण्याचा एक आणि शक्य झाल्यास पावसाचा एक नमुना द्यावा. ही दोन टोके माहीत नसतील तर मधल्या विहिरीचा आकडा कितीही अचूक मोजला तरी तो कोणत्या रेघेवर बसवावयाचा हे प्रयोगशाळेला ठरविता येत नाही. बाटलीवर गावाचे नाव, विहिरीची खोली, तारीख व वेळ लिहावी, आणि तारखेशेजारी तिथीही लिहावी, म्हणजे पाणी उधाणाचे की भांगाचे हे पाहणाऱ्याला लगेच समजते.